सेराफिना आंटीचा वगळलेला गुण

कोर्लईच्या किनाऱ्यावर सेराफिना आंटी बोंबील वाळत घालते तेव्हा ती देवाचे गुण म्हणत असते, हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे. बांबूंना बांधलेल्या आडव्या दोरीला इथे वलांडी म्हणतात. एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. आंटी प्रत्येक जोडीला देवाचा एक गुण म्हणते. दयाळू. न्यायी. सहनशील. वीस झाले की पुन्हा पहिल्यापासून.

याला जबाबदार आमचे फादर. सहा वर्षांपूर्वी उपवासकाळात त्यांनी सांगितलं, देवाच्या गुणांबद्दल नुसतं वाचू नका, आपापल्या कामातून मनन करा. कुणी चित्रं काढली, कुणी गाणं रचलं. मी चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण देते, तेव्हा टीचरला शोभेल असा रंगीत तक्ता केला आणि कौतुकाची वाट पाहत बसले. आंटीनं आपलं काम म्हणून बोंबील वाळत घालणं सांगितलं तेव्हा सगळे हसले. मी जरा जास्तच. ईस्टर झाल्यावर आम्ही सगळं विसरलो, तिचं मात्र चालूच राहिलं.

मग दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा अंतोन आजारी पडला आणि गेला. मुलगी कुवेतला नर्स आहे. ती पंधरा दिवस राहून परतली. तेव्हापासून 'विश्वासू' आणि 'क्षमाशील' यांच्यामधली एक जोडी आंटी काही न बोलता टांगते. तिथे पूर्वी 'ऐकणारा' असायचं. चर्चमधल्या रविवारच्या मिस्सालाही ती शेवटच्या बाकावर बसते, कम्युनियनचा प्रसाद घ्यायला उठत नाही. "एक गुण मनाला खोटा वाटतो, मग कुठल्या तोंडानं पुढं जाऊ?" एवढंच म्हणते. रिकाम्या घराचं कुलूप काढणं तिच्या जिवावर येतं, म्हणून सगळे गेले तरी ती चर्चच्या पायरीवर बसून राहते.

दोन वर्षं मी तिला समजावलं. देव आपल्या वेळेनं ऐकतो, तो 'नाही' म्हणतो तेही उत्तरच असतं. अशी वाक्यं माझ्याकडे भरपूर आहेत. ती मान हलवायची आणि चहा पाजून मला वाटेला लावायची.

परवा तिचा खांदा आखडला होता म्हणून सकाळी मदतीला गेले. माझे हात वलांडीवर, तोंड नेहमीप्रमाणे चालू. देवाचे गुण तिच्याऐवजी मीच म्हणायला लागले आणि 'विश्वासू'नंतर, माझ्या तक्त्यावर लिहिला होता तसा, 'ऐकणारा' म्हणून मोकळी झाले.

तिचे हात थांबले. मी बायबलमधलं एक वचन तयार ठेवलं. पण ती रागावली नव्हती.

"अंतोन बरा झाला न्हाय म्हणून मी देवावर रुसले, असंच वाटतं ना टीचर तुला?"

"मग?"

"शेवटच्या दुपारी तो कायतरी सांगत होता. आपल्या घरच्या बोलीत, बारीक आवाजात. आपल्यात माणूस जायला लागला की मोठ्यानं रोझरीची माळ म्हणतात, तशी मी म्हणत होते. त्यानं माझा हात ओढला. पाचच मणी राहिले होते. म्हटलं, तेवढे करते नि मग विचारते."

तिनं हातातले बोंबील खाली ठेवले. "मणी संपले तेव्हा तो गेला होता. माझाच आवाज मोठा होता, टीचर. मीच ऐकलं न्हाय, नि देव ऐकतो म्हणून कसं म्हणू?"

तयार ठेवलेलं वचन मी सोडून दिलं. दोन वर्षं मी तिला समजावत होते, काय झालं ते एकदाही विचारलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली. मी वाळूतच बसले. तीही बसली आणि अंतोनबद्दल बोलत राहिली. दात गेले तरी तो हट्टानं सुका बोंबील चघळायचा. मुलीचा फोन आला की डोळे दिसू नयेत म्हणून भिंतीकडे तोंड करून बोलायचा. मी मध्ये एक शब्दही बोलले नाही; मला ओळखणाऱ्यांना हे खरं वाटणार नाही.

ऊन चढलं तशी ती उठली. तिनं दोन बोंबील अडकवून दोरीवर टाकले.

"ऐकणारा," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी न्हाय ऐकलं अंतोनचं. देवानं ऐकलं असंल. तो काय म्हणत होता, ते मला मात्र कधीच कळायचं न्हाय."