धाकट्या होडीचं लोखंड

चन्नाप्पा आमच्या फाउंड्रीत वाळूचे साचे करायचा, मी त्यात लोखंड ओतायचो. एकवीस वर्षं आम्ही शेजारी उभे राहून काम केलं. तो जयसिंगपूरहून पहिल्या एसटीनं यायचा आणि माझ्या आधी हजर असायचा. वाळू मुठीत दाबायचा, मूठ उघडायचा. बोटांचे ठसे फुटले की सगळी वाळू पुन्हा मळायला लावायचा. कुणी कुरकुरलं तर म्हणायचा, "घरची भाकरी हाय व्हय, कशीबी थापायला?" त्याचं काम परत आलेलं मी एकदाच पाहिलं.

शाहूपुरीतल्या एका पंपवाल्याचा मुलगा, पृथ्वीराज, मालवणकडे शिडाच्या होड्या बांधतो. दोन होड्यांच्या कील त्यानं आमच्याकडे ओतायला दिल्या. कील म्हणजे होडीच्या तळाखाली बोल्टनं जोडलेलं लोखंडी पातं. वारा शिडाला रेटतो तेव्हा त्या वजनामुळे होडी उलटत नाही. चन्नाप्पा म्हणाला, होडी बघितल्याशिवाय साचा करणार नाही. रविवारी पदरच्या तिकिटानं मालवणला जाऊन आला.

"हंबीरदा, थोरली होडी म्हंजे बिऱ्हाड हाय बघ," सोमवारी तो सांगू लागला. "दोन खोल्या, गॅस, पाण्याची टाकी, संडाससुदिक. म्हैना म्हैना समिंद्रावर ऱ्हायाचं. म्हशीगत चालती, पर डुलत न्हाई. तिची कील बुटकी आन लांबलचक."

"आन धाकटी?"

"ती शर्यतीचा खोंड. सकाळी सोडायची, दुपारी परत आणून बांधायची. चार माणसं बसत्यात. जरा वारा लागला की आडवी हुती आन पळती. तिची कील खोल, अरुंद. सगळं वजन खालच्या गोळ्यात आन वर मान हातभर. थोरलीचा भार लांबवर वाटला जातोय. धाकटीचा समदा त्या मानेवर. म्हणून धाकटीचं काम अवघड."

मी ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. महिनाभर समुद्रात राहणारी होडी खरी, दुसरी हौसेची, असं मी धरून चाललो. थोरलीची कील चोख निघाली.

धाकटीचा साचा शुक्रवारी तयार झाला. त्या दिवशी चन्नाप्पाच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. जाताना म्हणाला, "दोन तास जाळ दे. घड्याळ बघून." साचा नीट वाळला नाही तर आतल्या ओलीची वाफ होते आणि लोखंडात भोकं पडतात. हे मला नवं नव्हतं. पण पन्हाळ्यावर मित्रांनी जेवण ठेवलं होतं आणि बाराची गाडी धरायची होती. मी पाऊण तास जाळ दिला, लोखंड ओतलं आणि गेलो. माझ्या हाताखालच्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला दारातून परत पाठवलं असतं.

शनिवारी साचा फोडला. मानेला सात भोकं होती. एकात अर्धं बोट जात होतं. कील मोडून पुन्हा वितळवायला हवी होती. मी लोखंडाचा भुगा घातलेली पुट्टी भरली, ग्राइंडर मारला, वर रेड ऑक्साइड दिला. वजनच तर आहे, असं स्वतःला सांगितलं.

सोमवारी चन्नाप्पा हातोडी घेऊन आला. प्रत्येक काम तो ठोकून, आवाज ऐकून मगच सोडायचा. रंग बघून थांबला.

"लगेच रंगवलास?"

"गंजंल म्हणून."

"तू वतलंस न्हवं? मग काय वाजवून बघायचं." त्यानं हातोडी खाली ठेवली.

दोन महिन्यांनी पृथ्वीराजचा फोन आला. धाकटी होडी रविवारी पाण्यात जाणार होती. पहिल्या फेरीला चन्नाप्पानं बायकोला घेऊन यावं, असं त्याचं म्हणणं होतं. मल्लव्वा वहिनींनी समुद्र पाहिला नव्हता. त्यांनी समुद्राच्या ओटीचं सामान आणलं, नवी साडी काढली. चन्नाप्पा आठवडाभर हेच बोलत होता. सोमवार ते गुरुवार मी गप्प राहिलो. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत त्याला वाळूच्या ढिगामागं नेलं आणि सांगितलं.

"कुठं?"

"मानेला."

"किती खोल?"

"अर्धं बोट."

त्यानं शिवी दिली नाही. फोन लावला. "सायेब, होडी पाण्यात घालू नका. धाकटीची कील काढा. साचा वला ऱ्हायला. व्हय, माजाच साचा. माजीच चूक." मी हातभर अंतरावर उभा होतो. फोन माझ्याकडे दे, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो नाही.

कील परत आली. चन्नाप्पानं नवा साचा केला आणि दोन तास जाळाजवळून हलला नाही. मी लोखंड ओतायच्या लॅडलकडे गेलो तेव्हा म्हणाला, "ह्या टायमाला शिवशरण वतंल." शिवशरण माझ्याच हाताखाली शिकलेला. मी वाळू वाहिली. पृथ्वीराजनं पुढं काम पाठवलं नाही, फेरीलाही बोलावलं नाही.

महिन्याभरानं चन्नाप्पाच्या घरी गेलो. वहिनींनी चहा दिला आणि माझ्यासमोरच सुरू झाल्या, "भावजी, ह्यास्नी जरा शिकवा. एकवीस वर्सं तुमच्या शेजारी हुबं ऱ्हाऊन जाळ द्यायचं कळंना? गल्लीभर सांगून बसलेलो. तोंड काळं झालं की माजं!" चन्नाप्पा भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिला. मी मान हलवली. वहिनींना ती होकाराची वाटली असणार.

या गोष्टीला सात वर्षं झाली. आम्ही दोघंही आता घरी आहोत. गेल्या आठवड्यात जयसिंगपूरला गेलो आणि वहिनींना सगळं सांगितलं. चन्नाप्पा मध्येच म्हणाला, "कशाला उकरतोयस गा? सोड की."

वहिनी शेंगा सोलत होत्या. हात थांबले.

"आन त्या दिवशी माज्या हातचा च्या कसा गिळला भावजी?"

"गिळला," मी म्हणालो. "आणखी अर्धा कप मागून घेतला."

 वहिनी शेंगांचं सूप उचलून नवऱ्याच्या बाजूला सरकल्या आणि त्याच्या पुढ्यात सोलायला अर्ध्या शेंगा ओतल्या. मी चपला घातल्या.