रेशमी दोरा आणि भटजींचा मुकटा

"डॉक्टर, हा दात पडला तर मंत्र कोण म्हणणार? तुम्ही?"

विनायकभट माझ्या खुर्चीत उताणे पडून माझ्यावरच खेकसत होते. पंचवटीत ते यात्रेकरूंचे श्राद्धविधी करत. वरचा पुढचा दात हलत होता. दात गेला की उच्चार गेला, आणि उच्चार गेला की यजमान चुलतभावाकडे, ही त्यांची धास्ती. ती खरी होती. चुलतभावाची बत्तिशी शाबूत होती.

दुखण्याचं कारण त्यांच्या जानव्यालाच लटकत होतं. चांदीचं दातकोरणं! जेवण झालं की भटजी ते हिरडीत खुपसून गप्पा मारत बसायचे. फट रुंदावली, अन्न जास्त अडकलं, की पुन्हा कोरणं.

"ब्रश वापरा," मी म्हणालो.

"केस कशाचे?"

त्या काळी ब्रशला डुकराचेच केस असत. "डुकराचे," म्हणालो आणि जीभ चावली. भटजी तडक उठलेच. हाताला धरून बसवावं लागलं.

कडुलिंबाची काडी ते रोज चावत होते, पण काडी फटीत शिरत नाही. शेवटी मी मुंबईहून मागवलेला फ्लॉस काढला. फ्लॉस म्हणजे दोन दातांमधून फिरवायचा रेशमी दोरा.

"रेशीम?" भटजी खुलले. "म्हणजे सोवळ्यात चालेल!"

धर्मशास्त्र पहिल्यांदाच माझ्या मदतीला आलं. दोरा दाताला चिकटवून हळू खालीवर न्यायचा, दर वेळी नवा तुकडा घ्यायचा, हे मी आरशात दाखवलं. दातकोरणं ठेवून घेतलं.

"त्याच्या दुसऱ्या टोकाने मी कान कोरतो. त्याचं काय?"

"कानाच्या डॉक्टरला विचारा."

मग दिवाळीपर्यंत भटजी फिरकले नाहीत. दात गेला असणार, असं वाटून मला हळहळ वाटली. एका सकाळी त्यांच्या पत्नी, यमुनाकाकू, तरातरा आत शिरल्या. मागून भटजी, मान खाली घालून. काकूंनी टेबलावर मुकटा आपटला. मुकटा म्हणजे सोवळ्यात नेसायचं रेशमी वस्त्र.

"माझ्या माहेरचा आहे हा! तुमचा दोरा संपला तेव्हापासून यातला उपसतात. स्वतःपुरता तरी घ्यावा! पंगत उठली की विडा वाटावा तसे सगळ्या भटजींना दोरे वाटतात!"

"मुंबईहून दोरा कोण आणणार?" भटजी पुटपुटले. "हे रेशीम अंगावरच होतं."

मी दात तपासला. हिरडी गुलाबी, दात घट्ट. मंत्र म्हणायला लावला. खणखणीत! मला इतका आनंद झाला की मी टाळीच वाजवली.

"काकू, दात वाचला."

"वाचला हो. पण उद्या चांदवडचे यजमान यायचेत, आणि यांचा काष्टा मागे पोचत नाही!"

तेव्हापासून औषध देताना, ते संपल्यावर कुठून आणायचं तेही मी सांगतो. आणि कुठून आणायचं नाही, तेही.