विहीणबाईंची सरळ रेष

जगात जे जे हलतं त्याची रेष काढता येते, आणि ज्याची रेष काढता येत नाही ते मुळात हललंच नाही, असं छातीठोकपणे मानणारी बाई मी उभ्या आयुष्यात एकच पाहिली, आणि नेमकी तीच माझ्या लेकीची सासू निघाली. आमच्या विहीणबाई निपाणीच्या. हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेल्या. जावई पुण्याला असतात. त्यांनी एकदा परदेशातून आईसाठी एक गणकयंत्र आणलं. आत समीकरण घातलं की पडद्यावर त्याची रेष उमटते असलं ते यंत्र. तेव्हापासून देवघरातल्या बाळकृष्णाला जपलं नसेल एवढं बाई त्याला जपतात. खणाच्या कापडाची पिशवी शिवलीय त्याला, आणि ती पिशवी मांडीवर घेतल्याशिवाय त्या जेवायला बसत नाहीत.

नुसती हौस असती तर ठीक होतं, पण बाईंचा स्वभाव पडला काळजीचा. रेष चढत चढत पडद्याच्या कडेबाहेर गेली की यांचा जीव टांगणीला. "गेली बघा वर. आता पुढं काय करत असेल?" असं म्हणत त्या पडद्याची मापं वाढवतात, दहाची शंभर, शंभराची हजार, आणि ती कुठंतरी वळताना दिसली की मगच चहाचा कप तोंडाला लावतात. एकदा सकाळी मला बेळगावला फोन आला. "विहीणबाई, लाट सपाट पडलीय हो!" आवाज असा की मी आमच्या वडगाव भागातून तशीच निघाले आणि निपाणीची पहिली बस धरली. जाऊन बघते तर बाईंनी साइनची लाट काढायला घेतली होती; यंत्र कोन अंशांत मोजत होतं आणि पडदा जेमतेम दहा अंशांचा. तेवढ्यात लाट उठणार तरी कुठून? चूक त्यांची त्यांनाच सापडली, लाट उसळली, आणि बाईंनी शेजारीपाजारी साखर वाटली.

माझं गणित म्हणाल तर एसएसएलसीला, म्हणजे दहावीला, पॅराबोला काढायचा होता, तो मी हातातली बांगडी कागदावर ठेवून अर्धी गिरवून काढला. वर, वर्गात सगळ्यांत सुबक आपलाच म्हणून शेजारच्या मुलीला दाखवलाही. गुरुजींनी शून्य दिलं, तेही बांगडीएवढं. अशा बाईची पोरगी पडली गणिताच्या घरात. लग्न ठरलं तेव्हा माझ्या आईनं मला बाजूला घेऊन बजावलं, "मुलीची आई हाईस. विहिणीच्या शब्दाला न्हाय म्हणू नको." मी ते इतकं मनावर घेतलं की ऐन मे महिन्यात विहीणबाई "आज जरा गारवा आहे नाही?" म्हणाल्या, तर मी घाम पुसत आतून शाल मागवली आणि पांघरून बसले. तेव्हा कुणीतरी काढलेला फोटो आज बघितला की मला माझीच दया येते. हसू यावं की रडू, तेच कळेना असा माझा चेहरा झालाय. गोष्ट इथंच थांबली असती तर फोटोवर हसून सोडून दिली असती. पण ती सवय वीस वर्षं मुरली.

बाईंचा एक नेम आहे. सकाळी यंत्र उघडलं की पहिली रेष साधी, वाय बरोबर एक्स, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडं जाणारी. दारात रांगोळीची पहिली रेघ ओढावी तशी. गेल्या दिवाळीनंतर मी निपाणीला गेले होते, तेव्हा त्यांनी यंत्र माझ्यापुढं धरलं. "ही मधोमध वाकलीय का बघा. मला पोक आल्यासारखी दिसतीय. पण एका साक्षीवर निकाल द्यायचा नसतो, म्हणून विचारते."

मी बघितली. सुतासारखी सरळ. आणि माझी जीभ आपली आपण बोलून मोकळी झाली, "व्हय की, जराशी वाकलीयच."

झालं, दोन साक्षी पडल्या. यंत्र जावयांबरोबर पुण्याला दुरुस्तीला गेलं. तिथून महिन्याभरानं 'दोष नाही' म्हणून परत आलं, तर बाई दुरुस्तीवाल्यावरच उखडल्या. "मी एकटी म्हणत नाही, आमच्या विहीणबाईंनीसुद्धा पाहिलंय!" हे फोनवर ऐकताना मी हातातला घास परत ताटात ठेवला. रेषच ती, वाकली काय न् सरळ काय, असं मी मनाला समजावत होते. मन ऐकेना. भाजी निवडता निवडता मी खिडकीचे गज मोजायची, सगळे सरळ आहेत ना बघायची.

शिवरात्रीच्या सुमाराला पुन्हा निपाणीला गेले तर दारात म्हातारा सुतार उभा. बाईंना घराची चौकटही वाकलेली दिसायला लागली होती. सुतारानं ओळंब्याची दोरी सोडून दोनदा बघितलं.

"आक्का, चौकट सुतात हाय."

"नीट बघा आप्पा. मधे आत आलीय."

"माज्या बानं बसवल्याली चौकट हाय ही. वाकली असती तर दार लागलं असतं व्हय?" त्यानं दार ओढलं. टक्कन लागलं.

बाई माझ्याकडं वळल्या. "विहीणबाई, तुम्ही सांगा."

मी चौकट बघितली, सरळच होती. सुई ओवताना मी एक डोळा मिटते, तेच त्या घटकेला आठवलं असावं. म्हटलं, "डावा डोळा झाका. आता उजवा झाका." डावा झाकला की चौकट वाकायची, उजवा झाकला की सरळ व्हायची. बाईंनी तीनदा करून बघितलं आणि उंबऱ्यावरच बसल्या.

"म्हणजे यंत्र चांगलं आहे," त्या पहिल्यांदा हेच म्हणाल्या, आणि देवाशप्पथ सांगते, त्यांचा चेहरा उजळला. मग हळूहळू उतरला. "तुम्हाला ती रेष कशी दिसली होती?"

"सरळ."

"मग वाकडी का म्हणालात?"

"तुम्ही म्हणालात म्हणून."

सुतारानं ओळंबा गुंडाळला आणि अंगणात गेला.

बेळगावच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, उजव्या डोळ्याच्या पडद्याला मधोमध बिघाड झालाय, दोन-तीन महिने आधी यांना आणलं असतं तर बरंच वाचलं असतं. दिवाळी ते शिवरात्र किती होतात, एवढं गणित मलाही येतं. डोळ्यात इंजेक्शन द्यायला आत नेण्याआधी बाईंनी माझं मनगट असं धरलं की दोन बांगड्या पिचल्या. वडगावात त्या माझ्याकडंच राहिल्या. दिवसभर गल्लीतल्या विणकरांच्या मागांचा खडखडाट ऐकत बसायच्या आणि माझ्याशी कामापुरतं बोलायच्या. चौथ्या दिवशी भाकरी मोडता मोडता म्हणाल्या, "तुम्ही मान दिलात, त्यात माझा एक डोळा गेला. दुसऱ्या डोळ्याला तरी खरं सांगत चला." मी मान डोलावली. "अशी मुकाट मान डोलावू नका," त्या कडाडल्या. "ही भाकरी करपलीय म्हणते मी. खरं की नाही?" मी बघितली. "न्हाय करपली. तुमचं चुकतंय," असं मी वीस वर्षांत पहिल्यांदा म्हटलं.

उजव्या डोळ्यात आता मधोमध एक डाग आहे, तो जाणार नाही. डाव्यावर रोज लक्ष ठेवा, म्हणालेत डॉक्टर. म्हणून सकाळी सातला निपाणीहून फोन येतो. फोन कानाशी असतानाच बाई उजवा डोळा झाकतात आणि यंत्रावरची रेष बघतात. तेवढ्या वेळात तिकडच्या रस्त्यावरून जाणाऱ्या बसचा भोंगा ऐकू येतो, कुणाची तरी बादली वाजते, आणि मी इकडं पदराचं टोक पिळत उभी असते.

"सरळ आहे."

"नक्की?"

"मी कशाला खोटं बोलू? मी काय मुलीची आई आहे?"

मी हसते, त्याही हसतात. मग मी चहाचं आधण ठेवते. उद्या सातपर्यंतची काळजी तेवढी मिटलेली असते.