रजा कुणी नाकारली

"आधी हात पूस. कागदाला डाग पडतील."

तीस पाहुण्यांसमोर मॅडम मला हे म्हणाल्या. माझ्या हाताला कणीक होती. ओढणीला हात पुसले, कागद घेतला. मग त्या पाहुण्यांकडं वळल्या. आवाज एकदम गोड. "ही आपली बहीण. आज ती साक्ष देणार आहे."

बहीण. बहिणीचं ताट वेगळ्या फळीवर. बहीण जेवायची सगळ्यांचं उरकल्यावर, ओट्याशी उभी राहून.

आम्हा ख्रिस्ती लोकांत साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायचं. स्वतःच्या तोंडानं. माझी मात्र मॅडमनी लिहून आणली होती.

मार्गासनीजवळ, वेल्ह्याच्या रस्त्याला त्यांचं मोठं घर. पुण्याची विश्वासी, म्हणजे आमच्या ख्रिस्ती लोकांतली मंडळी तिथं प्रार्थनेच्या शिबिराला येतात. मी जालन्याकडची, तिथं स्वयंपाकाला. सातवीत शाळा सुटली. खोटं कशाला बोलू, मॅडमनी मला छप्पर दिलं. विसरलेलं वाचन शेजारी बसवून परत शिकवलं. ते उपकार आजही मानते. म्हणून तर तोंड उघडत नव्हते. इथून काढलं तर जायचं कुठं, ही भीती पोटात कायमची.

आधीच्या शिबिराच्या आदल्या दिवशी भावाचा फोन आला. आईचं बोलणं बंद झालंय, लगेच निघ. मी रजा मागितली.

"शिबिर झाल्यावर जा. आपण प्रार्थना करू. सगळं देवाच्या हातात आहे."

मी थांबले. चूक झाली ती इथंच. मॅडमचा नकार मी देवाचा नकार समजले. दुसऱ्या दिवशी आई गेली, तेव्हा मी चपात्या लाटत होते. माती द्यायलासुद्धा पोचले नाही.

भांडी घासायला शेवंताबाई यायच्या, मार्गासनीच्याच. त्यांना म्हटलं, देवाची इच्छा होती. त्यांनी पातेलं खाली ठेवलं. "तुज्या देवाकडच्या रजा ह्या मॅडम मंजूर करत्यात व्हय गं?"

राग आला. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

आणि आता हा कागद. "माझी आई आजारी होती. पण देवाने मला तिच्याकडे जाऊ दिले नाही, कारण त्याला माझी सेवा इथे हवी होती. मी शंका घेतली, हे माझे पाप. आज मी आनंदी आहे."

पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी आधीच रुमाल काढून ठेवला होता. माझ्या आईच्या मरणावर त्यांना जेवणाआधी थोडं रडून घ्यायचं होतं.

माझी आई चुलीपुढं बसून देवाशी भांडायची. "बापा, असं का केलंस? मला सांग." मोठ्यानं. मग त्याच्याच नावानं भाकरी मोडायची. तिच्या शंकेनं देव कधी घर सोडून गेला नाही.

मी म्हणाले, "मॅडम, देवानं मला अडवलं नव्हतं. रजा तुम्ही दिली नव्हती."

त्या हसल्या. "घाबरलीय. अगं, लिहिलंय तेवढं वाच ना."

"वाचता येतं मला. तुम्हीच शिकवलंत. पण हे खोटं आहे."

कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. मागं जाऊन कपडे पिशवीत भरले आणि ते घर सोडलं. दुपारच्या एस्टीपर्यंत शेवंताबाईंनी माझी पिशवी धरली. "रडायचं न्हाई. चपात्या काय कुठंबी लाटशील."

आता भोरला एका खानावळीत लाटते. जगावर सत्ता देवाचीच आहे, हे मानते. आईला आणखी दोन दिवस त्यानं का दिले नाहीत, हे मला कळत नाही. रोज त्यालाच विचारते. उत्तर आलेलं नाही. तरी विचारणार, आणि तरी त्याचीच राहणार. पण माणसानं दिलेला नकार देवाच्या नावावर खपवू देणार नाही. त्याच्या आणि माझ्या मध्ये रजा मंजूर करणारं कुणी नको.

साक्षीला मी परत उभी राहीन. कागदाशिवाय. कणकेचे हात न पुसता.