सटवाईच्या लिंबाचे पाळणे

आमच्या गावाच्या वर, आष्टीच्या वाटेला, सटवाईचा लिंब आहे. मूल व्हावं म्हणून बाया त्याला वीतभर लाकडी पाळणे बांधतात आणि मूल झालं की सोडून आणतात. भिवराबाईचे मात्र लोंबकळतच राहिले. वारा सुटला की ते एकमेकांवर आपटायचे आणि खालच्या वस्तीत तिची सून, शिवकन्या, ताटावरून उठायची. रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात. ती सरपणाच्या निमित्तानं वर जायची आणि एकेक पाळणा हातानं धरून थांबवायची.

गावानं तिला वांझ ठरवून टाकलं होतं. आमच्या गावाला दुसऱ्याच्या पोटाची भारी उठाठेव! बारशाचं बोलावणं नाही; बोलावलंच तर पाळण्याच्या दोरीला हात लावू द्यायचा नाही. या बायांची मला चीड येते, आणि त्या माझ्याच जावा-नणंदा आहेत.

खरं वेगळंच होतं. लग्नानंतर दुसऱ्याच हंगामात शिवकन्या पोटुशी असताना ऊसतोडीला गेली. सासूही सोबत होती, कोपीवर, पाचटाच्या झोपडीत, भाकरी थापायला. तोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एक बसलं की दुसऱ्याचंही काम थांबतं. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना शिवकन्या कोसळली. मूल गेलं, रक्त थांबेना. तिकडच्या एका डॉक्टरनं गर्भाची पिशवीच काढायला सांगितली आणि नवऱ्यानं, परमेश्वरनं, सही केली. ती शुद्धीवर आली तेव्हा सगळं उरकलं होतं.

"कुणालाच सांगू नको," तो म्हणाला. "गाठ काढली म्हणायचं."

सासूलाही त्यानं हेच सांगितलं असणार, असं शिवकन्या धरून चालली. तेव्हापासून दोघं नवरा-बायको एका घरात मुक्यासारखी राहिली. वारा सुटला की तोच उठून दार लावायचा. पाळण्यांचा आवाज त्यालाही ऐकू येत होता तर.

यंदा दसऱ्याच्या आधी चुलत सासरे राधाकिशन परमेश्वरसाठी तेलगावची एक मुलगी सुचवून गेले. शिवकन्येनं मनाशी हिशेब मांडला. सासूला पिशवीचं कळलं तर माहेरी रवानगी, आणि नाही कळलं तरी सवत. दुसऱ्या दिवशी भिवराबाई नवा पाळणा घेऊन निघाली आणि म्हणाली, "चल, औंदा तू बी चल."

पुढचं मला शिवकन्येनंच सांगितलं. लिंबाखाली तिचा धीर सुटला.

"आत्याबाई, बांधू नका. माझी पिशवीच न्हाई. तवाच काढली. धाडायचं तर धाडा मला माहेरी."

भिवराबाईनं वळूनही पाहिलं नाही.

"मला म्हाईत हाय. मीच म्हणलं परमेश्वरला, कर सही. माझी बी काढलेली हाय, पाळीचा खाडा नको म्हणून आपल्यातल्या समद्या बायांची काढतेत, त्यात काय, असं वाटलं. पर मला तीन लेकरं झालती, पोरी. तुला एक बी न्हाई, हे त्या वक्ताला माझ्या डोक्यातच आलं न्हाई." तिनं पाळण्याची दोरी उलगडली. "राधाकिशनला वाटेला लावलंय मी. ह्या घरात दुसरी यायची न्हाई."

"मग हे पाळणे कावून बांधता?"

"हे नवसाचे न्हाईत. जे गेलं त्याचे हायत. बांधाच्या कडंला मीच पुरलं त्याला. माघारी आले तवापून बांधते, तरी डोळ्यापुढून हलत न्हाई."

इतकी वर्षं शिवकन्येला कुणी एक गोष्ट सांगितली नव्हती, आणि विचारायची तिची छाती झाली नव्हती.

"काय होतं, आत्याबाई?"

"पोरगी. लई बारीक. पर बोटं समदी होती."

शिवकन्या ओक्साबोक्शी रडली. मग सासूच्या हातातला पाळणा घेऊन तिनं स्वतः फांदीला बांधला. वारा पडला होता, सगळे पाळणे गप्प होते.

तिनं त्या पाळण्याला हलकेच झोका दिला.