डावीकडे नेणारं ‘होऽ’

कुत्र्यांना थांबवायचं होतं आणि मी ‘होऽ होऽ’ म्हणालो. चूक एवढीच. तिचा राग अजून येतो, आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही म्हणून जास्तच येतो.

माझे दाजी तोफखान्यातले. देवळाली कॅम्पात असताना आमच्या ताईशी त्यांचं लग्न झालं. निवृत्त झाल्यावर नाशकात फ्लॅट बघायचा सोडून हा माणूस तिला घेऊन हिमाचलात गेला आणि बर्फातली कुत्री पाळून बसला. पायात स्की, कमरेला पट्टा, पट्ट्याला लांब दोरी आणि दोरीला पुढे दोन कुत्री. ती पळतात, आपण मागून घसरत जायचं. मार्चअखेर मी तिकडे निघालो तो नाशकात आमच्या अंबडच्या कंपनीत कँटीनभर सांगून, “कुत्र्यांचं काय घेऊन बसलात, आपण बैलं हाकलीत!”

दाजींनी आधी तीन शब्द घोकून घेतले. ‘जी’ म्हणजे उजवीकडे, ‘हॉ’ म्हणजे डावीकडे, ‘बस’ म्हणजे थांब.

“कळलं?”

“हो.”

जोडीतली म्हातारी कुत्री लगेच डावीकडे वळली.

“‘हो’ म्हणू नकोस! तिला ‘हॉ’ ऐकू येतं.”

“हो, हो.”

ती आणखी वळली आणि दोरी माझ्या गुडघ्यांना गुंडाळली गेली. दाजी असे ओरडले की माझं डोकंच सणकलं. पन्नाशीचा माणूस मी, हाताखाली बारा जण, आणि मला बर्फात उभं करून पाढे म्हणायला लावतात!

“दाजी, मी तुमचा जवान नाही.”

“जवान असतास तर एव्हाना समजलं असतं.”

मग ते म्हातारीपाशी खाली बसले. तिच्या पुढच्या पंजाची जखम नुकतीच भरली होती. पंजावर कापडी मोजा चढवत ते म्हणाले, “सरळ जायचं, त्या समोरच्या झेंड्यापाशी थांबायचं. सरळ वाटेवरचा बर्फ ऊन लागून मऊ झालाय. डावीकडे देवदारांच्या सावलीत बर्फ काचेसारखा आहे. पंजा परत फाटला तर हिचं पळणं संपलं. आणि न पळता ही धड जेवत नाही.”

मी नुसती मान हलवली. ‘हो’ म्हणालो नाही, एवढी अक्कल होती.

झेंड्यापर्यंत मी राजा होतो. झेंडा जवळ आला आणि घशातून लहानपणीचा बैलांचा शब्द निघाला. “होऽऽ!” आमच्या शेतात एवढ्यावर बैल जागच्या जागी उभे राहत. म्हातारी डावीकडे वळली. मी चिडलो. “अगं, होऽ म्हणतोय ना!” ती आणखी डावीकडे. मी जितका तापत होतो तितकी ती इमानेइतबारे ऐकत होती. मी आडवा झालो, पोटावर फरफटत सावलीत शिरलो, नाकातोंडात बर्फ गेला, आणि शेवटी संतापून किंचाळलो, “बस्स झालं गं बाई!”

दोन्ही कुत्री तिथल्या तिथे थांबली.

मोजा कुठेतरी पडला होता. बर्फावर लाल ठिपके होते.

दाजी धावत आले. मला वाटलं, आता कानफटात बसणार. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. म्हातारीला लहान मुलासारखी उचलली आणि चालू लागले. शिव्या दिल्या असत्या तर मला भांडता तरी आलं असतं! त्याचाही राग आला. ताईने कुत्रीला हळद-दूध दिलं, मला पाणीसुद्धा विचारलं नाही.

नाशकात परतल्यावर रोज फोन करायचो. “धड जेवली का?” ताई म्हणायची, “नाही,” आणि ठेवून द्यायची. दाजी फोनवर यायचेच नाहीत. मी इकडे बायकोवर, गाडीवर, शेजाऱ्याच्या कुत्र्यावर खेकसत होतो. बाराव्या दिवशी दाजी स्वतः बोलले.

“आज पळाली. झेंड्यापर्यंत. पातेलंभर जेवली.”

“होऽ?” मी आनंदाने ओरडलो.

“हळू बोल! स्पीकर चालू आहे, वळली बघ ती.” मग म्हणाले, “पुढच्या वर्षी ये. स्की हिच्या पायात घालतो आणि दोरीला तुला जुंपतो. हिला निदान डावं-उजवं कळतं.”