खंय चललास?

परवा बाहेर निघताना सुनेने सहज विचारलं, "आई, कुठे चाललात?" मी चप्पल काढून क्षणभर खाली टेकले. साठ वर्षांपूर्वीचा मालवणचा किनारा आठवला.

कावळ्यांच्या तावडीतून सोडवलेलं कुत्र्याचं पिल्लू माझ्या परकराच्या ओच्यात होतं. आई विलायती, बाप गावठी; एक कान उभा, एक पडलेला. त्याला घर मिळालं नाही तर बाबा संध्याकाळी खाडीपलीकडे सोडून येणार होते. शेजारचे भिकूकाका जाळं घेऊन होडीकडे जाताना दिसले आणि घाईत माझ्या तोंडून निघालं, "काका, खंय चललास?"

समुद्रावर निघालेल्याला असं विचारायचं नसतं. काका थबकले. अपशकुन टळावा म्हणून मागे फिरून वाळूत बसले. मी ओचा घट्ट धरला. पिल्लू मात्र सुटलं आणि त्यांच्या मांडीवर जाऊन जाळं हुंगत लवंडलं.

"कोणाचो गो ह्यो?"

"कोणाचोच नाय."

"मगे चल रे माझ्यावांगडा," असं त्यालाच म्हणून काका त्याला होडीत घेऊन गेले.

आज वाटतं, भ्याले काकाही असतील. मी दिवसभर किनाऱ्यावरून हलले नाही; माझ्या एका प्रश्नाने दोघंही बुडणार असंच वाटत होतं. उन्हं कलली. खडपाच्या खडकांआडून होडी दिसायच्या आधी भुंकणं ऐकू आलं.